बर्नरचा इन्फ्रारेड फ्लेम सेन्सर कसा बदलावा: बॉयलर हाउसमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

बॉयलर हाउसमध्ये नव्याने रुजू झालात की थोड्याच दिवसांत एक वाक्य कानावर पडतं: "बर्नर ट्रिप झालाय, फोटोसेल बदल." फोटोसेल, स्कॅनर, फ्लेम सेन्सर, नाव काहीही घ्या, वस्तू तीच: बर्नरमध्ये ज्योत आहे की नाही हे बघणारी. ट्रिप म्हणजे बर्नर आपोआप बंद पडणं. एक युनियन नट आणि दोन वायरी, त्यामुळे काम किरकोळ वाटतं. जुना काढला, नवा लावला, बर्नर पेटला, वाफ सुरू झाली, सगळे खूश.

पण या सेन्सरचं खरं काम ज्योत विझते त्या क्षणी सुरू होतं. तेव्हा त्याने गप्प व्हायला हवं, म्हणजे बर्नरचा क्रम चालवणारा कंट्रोलर इंधनाचे व्हॉल्व्ह बंद करतो. तो गप्प झाला नाही तर भट्टीत न जळलेलं इंधन साठत जातं आणि समोर भट्टीच्या अस्तराची लालबुंद वीट असते. पुढे काय होतं ते सांगायला नको. त्यामुळे नव्या सेन्सरला ज्योत दिसली की निम्मं काम झालं असं समजा. ज्योत नसताना त्याला काहीही दिसत नाही, हे सिद्ध करणं उरलेलं निम्मं. बहुतेक ठिकाणी हे निम्मं राहून जातं. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

वेळेचा हिशोब असा धरा: बदलायला अर्धा तास, चाचण्यांना जवळपास अख्खी शिफ्ट. प्रॉडक्शनवाल्यांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी "वाफ कधी देताय?" म्हणून फोन सुरू होतात आणि घाईत चाचण्या गाळल्या जातात.

उदाहरण म्हणून मी आपल्या एमआयडीसींत नेहमी दिसणारा संच धरला आहे: तीन पासचा स्मोक ट्यूब पॅकेज बॉयलर, पीएनजी (पाइपने येणारा नैसर्गिक वायू) आणि तेल दोन्हींवर चालणारा बर्नर, लेड सल्फाइडचा इन्फ्रारेड सेन्सर आणि हनीवेलचा ७८०० मालिकेतला कंट्रोलर. तुमच्याकडे फायरआय किंवा सीमेन्स कंपनीचा कंट्रोलर असेल तर तत्त्व तेच, आकडे त्यांच्या मॅन्युअलमधले घ्या. आणि तुम्ही नवे असाल तर पहिल्या वेळी हे काम एकट्याने करू नका. बर्नर पेटवण्याच्या चाचण्या अनुभवी माणूस आणि बॉयलर अटेंडंट सोबत असतानाच करायच्या.

सेन्सर नेमकं काय बघतो

देवघरातल्या समईची ज्योत सतत लवलवते, तापलेला तवा मात्र एकसारखी धग देतो. इन्फ्रारेड सेन्सरचा सगळा खेळ या फरकावर आहे. लेड सल्फाइडच्या सेलवर साधारण १ ते ३ मायक्रॉनच्या पट्ट्यातला इन्फ्रारेड प्रकाश पडला की त्याचा रोध कमी होतो. ज्योत लवलवते म्हणून रोधही सतत वरखाली होतो. सेन्सरचा क्षीण सिग्नल वाढवणारा कंट्रोलरमधला अँप्लिफायर फक्त हा वरखाली होणारा भाग उचलतो आणि स्थिर धग सोडून देतो. म्हणून तापलेल्या विटेला तो ज्योत समजत नाही. निदान समजू नये अशी रचना आहे.

यातून दोन अडचणी निघतात. वीट फार तापली तर तिची धग सेलला इतकी भरून टाकते की ज्योतीची लवलव त्यात बुडून जाते. याला सॅच्युरेशन म्हणतात, आणि यात बर्नर विनाकारण ट्रिप होतो. दुसरी अडचण उलटी आणि कितीतरी घातक: वीट आणि सेन्सर यांच्यामधून गरम वायू, धूर किंवा तेलाचा फवारा हलत राहिला तर विटेची स्थिर धगही लवलवल्यासारखी दिसते. ज्योत विझलेली असते, पण सेन्सर "ज्योत आहे" असंच सांगत राहतो.

१. सेन्सर खरंच गेलाय का, ते आधी ठरवा

बर्नर ट्रिप झाला म्हणजे सेन्सर खराब, हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. सेन्सरने खरं सांगितलेलं असतं की ज्योत गेली. मग ज्योत का गेली हे शोधायचं सोडून निरोप आणणाऱ्यालाच बदलण्यात अर्थ नाही.

कंट्रोलरच्या डिस्प्लेवरचा फॉल्ट आधी लिहून घ्या, मग रीसेट करा. ७८०० वर २८ म्हणजे पायलट ज्योत (मुख्य ज्योत पेटवणारी छोटी ज्योत) सिद्ध झाली नाही, १७ म्हणजे बर्नर चालू असताना मुख्य ज्योत गेली. २८ येत असेल तर पायलटचा गॅस दाब, इग्निशन इलेक्ट्रोडमधलं अंतर, फुटलेली पोर्सलीन आणि इग्निशन केबल आधी बघा. १७ येत असेल तर गॅसचा दाब, तेलाचं तापमान, नोझल आणि हवेचा डॅम्पर. फर्नेस ऑइल नीट तापलं नाही की फवारा जाड पडतो, ज्योत डगमगते, आणि दोष फोटोसेलवर जातो.

त्यानंतर सिग्नल मोजा. ७८०० च्या अँप्लिफायरवर मल्टिमीटरच्या पिना लावायला दोन छिद्रं असतात. तिथे ० ते ५ व्होल्ट डीसी मिळतात, आणि किमान १.२५ व्होल्ट तरी स्थिर मिळायला हवेत. फायरआयच्या फ्लेम मॉनिटरवर हाच सिग्नल ० ते ८० या आकड्यांत दिसतो, तिथे किमान १० लागतात. एकदा मोजून थांबू नका. थंड भट्टीत पेटवल्यावर, लो फायरला (सगळ्यात कमी आचेवर), हाय फायरला (पूर्ण आचेवर) आणि तासाभराने, असं मोजा. सिग्नल कसा पडतो त्यावरून कारण कळतं.

काही आठवडे हळूहळू उतरत आला असेल तर काच किंवा भिंग काजळलं आहे. अचानक शून्य झाला असेल तर वायर, टर्मिनल किंवा सेल. पेटवल्यावर उत्तम आणि वीट तापत जाईल तसा उतरत असेल तर सॅच्युरेशन. इथे नवा सेन्सर आणलात तरी तोही तसाच वागेल. दुपारी ट्रिप आणि पहाटे ठीक, असं असेल तर सेन्सरचं अंगच तापतंय. लेड सल्फाइडचा सेल उष्णतेने मंद होतो. हनीवेलच्या सी ७०१५ ची मर्यादा ५२ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच ४५ अंश असतात, तिथे बर्नरच्या तोंडाशी ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. यावर उपाय थंड हवेचा, नव्या सेलचा नाही. पावसाळ्यात कोकणपट्टीत, महाड किंवा लोटे-परशुरामकडे, वेगळंच दुखणं: टर्मिनलवर ओल धरते आणि हा क्षीण सिग्नल वाटेतच गळून जातो.

मग भिंग मऊ कापडाने पुसा. काजळी चिकट असेल तर साबणाच्या पाण्यात किंचित ओलसर केलेलं कापड चालतं. सँडपेपर, थिनर अजिबात नको. पुसून पुन्हा मोजा. शेवटी, खात्रीचा दुसरा सेन्सर शिल्लक असेल तर तो लावून बघा. त्याच्यावर सिग्नल चांगला आला तरच जुना गेला असं म्हणा.

एक युक्ती तुम्हाला कोणीतरी शिकवेलच: सेन्सर काढून त्याच्यासमोर टॉर्च धरायची आणि बोटं हलवायची. इंधनाचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना सेल जिवंत आहे का हे बघायला हे ठीक आहे, पण जुन्या फिलामेंटच्या बल्बची टॉर्च हवी. एलईडीच्या प्रकाशात इन्फ्रारेड जवळजवळ नसतोच, त्यामुळे चांगला सेन्सरही मेलेला वाटतो. आणि इंधन उघडं असताना असं फसवून बर्नर चालवणं, किंवा टर्मिनलवर जंपर मारून "तात्पुरतं" चालवणं, हे कोणीही सांगितलं तरी करायचं नाही. अगदी मॅनेजरने सांगितलं तरी नाही. लेखी मागा, लेखी कोणी देत नाही.

२. नेमका तोच सेन्सर मागवा

जुन्या सेन्सरच्या अंगावरच्या पट्टीचा फोटो काढा. पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, खरेदी विभागाला द्या. नुसतं "आयआर फोटोसेल" लिहिलेल्या मागणीवर स्वस्तातलं काहीतरी येतं.

सेन्सर आणि अँप्लिफायर ही जोडी आहे. ७८०० मध्ये इन्फ्रारेडचा आर ७८४८ अँप्लिफायर लाल रंगाचा, अल्ट्राव्हायोलेटचा (यूव्ही) आर ७८४९ जांभळा आणि फ्लेम रॉडचा, म्हणजे ज्योतीत राहणाऱ्या धातूच्या दांडीचा, आर ७८४७ हिरवा असतो. लाल अँप्लिफायरला यूव्ही सेन्सर जोडून काही उपयोग नाही. फायरआयचा ४८ पीटी २ आणि हनीवेलचा सी ७०१५ दोन्ही लेड सल्फाइडचे आहेत म्हणून एकाच्या जागी दुसरा टाकायचा मोहही टाळा. अँप्लिफायर आपल्याच जोडीच्या सेन्सरबरोबर तपासून प्रमाणित झालेला असतो.

इथे एक मोठा सापळा आहे, कारण गेल्या काही वर्षांत पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, ठाणे या पट्ट्यात पुष्कळ बॉयलर फर्नेस ऑइलवरून पीएनजीवर गेले. तेलाची ज्योत पिवळी, काजळीच्या तापलेल्या कणांनी भरलेली आणि भरपूर इन्फ्रारेड देणारी. शिवाय तेलाची वाफ आणि धूर अल्ट्राव्हायोलेट शोषून घेतात. म्हणून तेलाला इन्फ्रारेड सेन्सर योग्यच होता. नैसर्गिक वायूची निळी ज्योत या पट्ट्यात बरीच फिकी असते, आणि हवा-वायू आधीच मिसळून जाळणाऱ्या लो-नॉक्स (कमी नायट्रोजन ऑक्साइड सोडणाऱ्या) बर्नरमध्ये ती फारशी लवलवतही नाही. बर्नर बदलला पण सेन्सर जुनाच राहिला, असं कुठे दिसलं तर वारंवार येणाऱ्या ट्रिपचं मूळ बहुधा तिथेच आहे. अशा वेळी तसाच सेन्सर पुन्हा पुन्हा बदलत बसू नका. बर्नर बनवणाऱ्या कंपनीला विचारून सेन्सर, अँप्लिफायर आणि समोरची काच असा पूर्ण संच यूव्हीचा करून घ्या. काचेचं मुद्दाम सांगतो: इन्फ्रारेड साध्या उष्णतारोधक काचेतून जातो, यूव्ही मात्र तिथे अडतो, त्याला क्वार्ट्झ लागतं.

३. कामाला लागण्याआधी जवळ काय हवं

कागद: बर्नरचं आणि फ्लेम कंट्रोलरचं मॅन्युअल, पॅनलचं वायरिंग ड्रॉइंग, बॉयलरचं लॉगबुक, मागच्या वेळच्या सिग्नलच्या नोंदी, मागचा कम्बशन रिपोर्ट आणि सहीचं वर्क परमिट. वायरिंग ड्रॉइंग मिळालं की ते प्रत्यक्षाशी ताडून घ्या. जुन्या पॅनलमध्ये मध्येच कोणीतरी केलेले बदल ड्रॉइंगवर चढलेले नसतात.

हत्यारं: डिजिटल मल्टिमीटर, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर), युनियन नटाच्या मापाचे दोन पाने, टर्मिनलचे छोटे स्क्रू ड्रायव्हर, नळी साफ करायचा तारेचा ब्रश, मऊ कापड, नवी गॅस्केट, स्टॉपवॉच, गॅस डिटेक्टर, कुलूप आणि टॅग. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगात सुती कपडे. स्टॉपवॉच मोबाइलचा वापरत असाल तर आधी हे बघा की तुमच्या गॅस ट्रेनच्या (बर्नरकडे येणाऱ्या गॅसच्या पाइप-व्हॉल्व्हच्या) जागेत मोबाइल नेण्याची परवानगी आहे का.

४. बंद करा, कुलूप लावा, थंड होऊ द्या

बर्नर त्याच्या नेहमीच्या क्रमाने बंद करा, पोस्ट-पर्ज, म्हणजे फॅनने भट्टीतला उरलेला वायू बाहेर काढणं, पूर्ण होऊ द्या. मग गॅसचा हाताने बंद करायचा कॉक आणि तेलाच्या लाइनचा व्हॉल्व्ह, दोन्ही. ड्युएल फ्युएल बर्नरमध्ये एकच बंद करून लोक कामाला बसतात, तसं करू नका. पायलटची लाइन मुख्य कॉकच्या आधी निघत असेल तर तिचा वेगळा कॉक असतो, तो शोधा. पॅनलचा मेन स्विच बंद, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात.

गॅस डिटेक्टर फिरवा. पीएनजी हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो. एलपीजी जड, जमिनीलगत आणि केबलच्या खंदकात साचतो. दोन्हीसाठी एकाच उंचीवर बघून चालत नाही.

पॅकेज बॉयलरची भट्टी चालू असताना दाबाखाली असते. त्यामुळे बर्नर चालू असताना सेन्सर नुसता काढून बघायचा प्रकार करू नका. मधली काच फुटलेली असेल तर गरम वायू थेट तोंडावर येतो.

५. जुना सेन्सर काढा

टर्मिनलचा फोटो, वायरींवर टॅग, आणि मग वायर सोडवा. सेन्सर कोणत्या कोनात आणि किती आत बसला होता याची खूण पेंटने नळीवर करून ठेवा. नळीत चकती, म्हणजे मध्ये बारीक छिद्र असलेली ओरिफिस, असेल तर ती कुठे आणि कोणत्या मापाची होती ते लिहून घ्या. ही चकती काजळीबरोबर कचरा समजून फेकली जाते. ती कोणीतरी विचार करून, विटेचा नजरेत येणारा भाग कमी करायला बसवलेली असते.

६. नळी साफ करा आणि नवा बसवा

ज्या नळीतून सेन्सर आत बघतो ती ब्रशने साफ करा आणि मान वाकवून तुम्ही स्वतः तिच्यातून बघा. सेन्सरला काय दिसणार ते तुम्हालाही दिसायला हवं: पायलटची ज्योत आणि मुख्य ज्योत जिथे एकत्र येतात ती जागा, मुख्य ज्योतीच्या बुडाकडचा साधारण पहिला एक तृतीयांश भाग. पलीकडची वीट जितकी कमी दिसेल, आणि दिसलीच तर जितकी दूरची आणि कमी तापणारी दिसेल, तितकं चांगलं.

नळीचा उतार आतल्या बाजूला हवा, म्हणजे घाण आणि ओल सेन्सरकडे वाहत नाही. नवी नळी टाकायची असेल तर काळी लोखंडी घ्या, आतून चकचकीत नको. चकचकीत नळी इकडची-तिकडची धग परावर्तित करून सेलपर्यंत आणते. फॅनकडून येणारी थंड हवेची छोटी लाइन नळीला जोडलेली असेल तर ती मोकळी आहे का बघा. ही लाइन नळी थंड ठेवते आणि धूर सेन्सरकडे येऊ देत नाही. ती बुजली की नवा सेन्सरही फार दिवस टिकत नाही.

गॅस्केट नवी. नट हाताने लावून मग पान्याने आवळा, अंगातला जोर लावून नव्हे. सेन्सरचं अंग हाताला सोसवेल इतपतच तापायला हवं, त्यामुळे उष्णता अडवणारी निपल जुन्या जोडणीत होती तर ती परत बसवायची.

७. वायर

सेन्सरची वायर स्वतंत्र कंड्युइटमधून जायला हवी. इग्निशन ट्रान्सफॉर्मरची हाय व्होल्टेज केबल तिच्या शेजारून नको. शिल्ड असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे एकाच टोकाला जोडा. जुनी वायर कडक झाली असेल, इन्सुलेशन तडकलं असेल तर पूर्ण बदला, मध्ये जोड देऊ नका.

मेगर लावायचा असेल तर वायर दोन्ही टोकांना सोडवून फक्त वायरला लावा. सेन्सर किंवा अँप्लिफायर जोडलेला असताना मेगर मारलात तर नवी वस्तू तिथल्या तिथे जाईल.

८. इंधन बंद ठेवून पहिली चाचणी

इंधनाचे सगळे कॉक बंदच ठेवा, पॅनलला वीज द्या. स्टँडबायमध्ये सिग्नल जवळपास शून्य दिसायला हवा. मग बर्नर सुरू करा. पर्ज होईल, स्पार्क पडेल, पायलट व्हॉल्व्हचा टक आवाज येईल, पण कॉक बंद असल्याने गॅस येणार नाही. स्पार्क चालू असताना सिग्नल हलला नाही पाहिजे. पायलटची मुदत संपली की कंट्रोलरने लॉकआउटला जायला हवं, म्हणजे हाताने रीसेट करेपर्यंत बंद राहायला हवं.

लॉकआउट झाला नाही, किंवा स्पार्कबरोबर सिग्नल उडी मारतो आहे, तर पुढे जायचं नाही. बहुतेकदा इग्निशन केबल जवळ असते किंवा अर्थिंग सैल असतं.

९. पायलटची चाचणी: सगळ्यात कमी ज्योत

आता फक्त पायलटचा कॉक उघडा, मुख्य इंधन बंदच. पायलट पेटवा, कंट्रोलरवरच्या टेस्ट स्विचने क्रम तिथेच थांबवा आणि सिग्नल मोजा. १.२५ व्होल्टच्या काठावर असेल तर सेन्सरचा कोन किंचित बदलत जा. सगळ्यात जास्त आणि स्थिर आकडा जिथे मिळेल ती जागा तात्पुरती पक्की करा.

पण जास्त आकडा मिळाला म्हणजे कोन बरोबर, असं नाही. समजा सेन्सर पायलटच्या बुडाकडेच बघतोय. त्याला अगदी बारीक, मुख्य बर्नरपर्यंत न पोहोचणारी ज्योतही दिसेल; तो "पायलट आहे" म्हणेल, मुख्य व्हॉल्व्ह उघडेल, आणि गॅस पेटायला उशीर होईल. उशिरा पेटलेला गॅस म्हणजे धडाका.

म्हणून पायलटचा गॅस हळूहळू कमी करा. कंट्रोलर ज्योत सोडतो त्याच्या अगदी आधीचा बिंदू शोधा. त्या बारीक पायलटवर मुख्य इंधन उघडा, आणि तेही सावकाश, अनुभवी माणसाचा हात कॉकवर असताना. मुख्य ज्योत साधारण एका सेकंदात शांतपणे पेटली पाहिजे. नाही पेटली तर लगेच कॉक बंद, पूर्ण पर्ज, आणि सेन्सरचा रोख असा बदला की त्याला दिसायला पायलट मोठाच लागेल. पुन्हा सगळं पहिल्यापासून. समाधान होईपर्यंत करत राहा, मग पायलटचा दाब मूळच्या जागी आणा आणि लिहून ठेवा.

१०. तापलेल्या विटेच्या दोन चाचण्या

इन्फ्रारेड सेन्सरच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि सगळ्यात जास्त गाळलं जातं तेही हेच. कारण सरळ आहे: बर्नर पेटलेला असतो, प्रॉडक्शनला वाफ हवी असते, आणि आता पुन्हा बंद करा म्हणणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

बर्नर हाय फायरला चालवा आणि वीट पूर्ण तापू द्या. ड्युएल फ्युएल असेल तर तेलावर चालवून तापवा, कारण तेलाच्या ज्योतीची धग विटेला जास्त लागते. या काळात दर काही मिनिटांनी सिग्नल लिहीत जा. वीट लाल होत जाईल तसा सिग्नल उतरू लागला तर सॅच्युरेशन होतंय. थोडा उतरून थांबला आणि किमान मर्यादेच्या बराच वर राहिला तर चालेल. उतरतच राहिला तर सेन्सरला विटेचा फार मोठा भाग दिसतोय.

दुसरी चाचणी. वीट पूर्ण तापलेली असतानाच बर्नर लो फायरला आणा. एक जण व्ह्यू ग्लासशी, एक कॉकशी, एक पॅनलशी स्टॉपवॉच घेऊन. पायलट अजून चालू असेल तर त्याचा कॉक आधी बंद करा, मग मुख्य इंधनाचा कॉक हाताने बंद करा. व्ह्यू ग्लासवाला "गेली" म्हणेल तिथपासून कंट्रोलरने ज्योत सोडून व्हॉल्व्हची वीज तोडेपर्यंतचा वेळ मोजा. हा वेळ अँप्लिफायरच्या लेबलवर छापलेल्या प्रतिसाद वेळेत बसला पाहिजे. इन्फ्रारेडसाठी तो बहुधा ३ सेकंद असतो. अमेरिकेच्या एनएफपीए ८५ या मानकात जास्तीत जास्त ४ सेकंदांची मुभा आहे, त्यापलीकडे काहीही चालणार नाही.

ज्योत गेली आणि तरी सिग्नल टिकून आहे, तर लगेच पॅनल बंद करा. तुमचा सेन्सर विटेला ज्योत समजतो आहे. हा बर्नर अशा अवस्थेत चालवायचा नाही, एक बॅचसुद्धा नाही. रोख बदला आणि दूरच्या, थंड भागाकडे वळवा. नळी लांब किंवा कमी व्यासाची करा. ओरिफिस चकती टाका. प्रत्येक बदलानंतर नवव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात, कारण चकती टाकली की पायलटचा सिग्नलही कमी होतो. दोन्ही बाजू सांभाळणारी जागा शोधणं हेच या कामातलं कसब आहे, आणि त्यासाठी वेळ देताना संकोच करू नका. कोणत्याही उपायाने जमत नसेल तर या भट्टीला इन्फ्रारेड योग्य नाही, यूव्हीचा विचार करा.

दोन्ही इंधनांवर बर्नर चालत असेल तर ही चाचणी दोन्हींवर घ्या.

११. नोंद आणि पुढची देखभाल

लॉगबुकमध्ये तारीख, सेन्सरचा मॉडेल आणि सीरियल नंबर, पायलटवरचा, लो फायरचा आणि हाय फायरचा सिग्नल, वीट तापल्यावरचा सिग्नल, ज्योत गेल्यावर व्हॉल्व्ह बंद व्हायला लागलेला वेळ, आणि हजर असलेल्यांच्या सह्या. मग हाच सिग्नल दर शिफ्टला एकदा लिहायची पद्धत पाडा. अटेंडंट दाब आणि पाण्याची पातळी लिहितोच, त्याच तक्त्यात एक रकाना वाढवायचा. पुढच्या वेळी सिग्नल उतरायला लागला की आठवडाभर आधी कळेल.

तुमचा सेन्सर आणि अँप्लिफायर स्वतःची तपासणी आपोआप करणारा नसेल, तर बर्नर २४ तासांत किमान एकदा बंद होऊन पुन्हा पेटला पाहिजे, म्हणजे कंट्रोलरला सुरुवातीची तपासणी करायची संधी मिळते. इचलकरंजी-सोलापूरच्या प्रोसेस हाउसेसमध्ये बॉयलर दिवसेंदिवस अखंड चालतात. तिथे हे मुद्दाम वेळापत्रकात घालावं लागतं, किंवा अखंड चालवण्यासाठी बनवलेला स्वयंतपासणीचा संच घ्यावा लागतो.

नवा घेताना एक सेन्सर जास्तीचा घेऊन ठेवा, बंद डब्यात, कोरड्या कपाटात, पट्टीवर आल्याची तारीख लिहून. काढलेला सेन्सर मात्र त्याच कपाटात ठेवू नका. त्याच्यावर लाल टॅग, कारण आणि तारीख लिहून वेगळा ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. त्यात शिसं आहे, भंगारात किंवा केराच्या टोपलीत टाकायचा नाही. टॅग न लावता ड्रॉवरमध्ये पडलेला सेन्सर रात्रीच्या पाळीत कोणीतरी चांगला समजून परत लावतो.